नानाची दारू एका भागात सुटली

ओरछा गेट, झाशी
शनिवार, ५ एप्रिल २०२५

चि. मुग्धा,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, सांग. सुभेदार! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एकही सवाशीण उंबरा चढायच्या आत मिशीवाला एक बाप्या दारात उभा, हातात केळ्यांचा घड. मागून मऊरानीपुरचे रमाकांतजी, ते धान्याचे व्यापारी, पोट सावरत जिना चढले आणि मला म्हणाले, "बऊ, दर्शन करबे आए." बऊ म्हणजे आई. इथले लोक पहिल्या भेटीतच आई करून टाकतात.

हे सगळं तुझ्या बाबाने केलं. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये जाऊन सांगून आला, घरी गौर बसली आहे, शुक्रवारी दर्शनाला या. अगं, हळदीकुंकवाला पुरुष येत नाहीत हे त्याला या वयात माहीत नाही! कसं असेल? इतकी वर्षं संध्याकाळी तो घरात होता कुठे? आता सहाला घरी असतो तर सगळ्यांत त्याला राहायचं असतं. डाळीला फोडणी कधी घालायची ते मला विचारतो. मी म्हटलं, तू छतावर जाऊन बस.

तुझी आई पन्हं गाळत होती, ती गाळणं हातात धरून तशीच राहिली. पण सुभेदार तानाजी बबीन्याहून बसने आलेला, त्याला हाकलायचं कसं? मराठी घरातलाच माणूस तो, पण फौजेत गेला आणि सगळं विसरला. मराठी कळतं, बोलायला गेलं की तिसऱ्या शब्दाला हिंदीवर घसरतो. दोघांना दिवाणावर बसवलं. मग बायका आल्या. खोलीभर बायका आणि मधे हे दोन बाप्ये, गुडघ्यावर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे.

शेजारची विद्या तुला माहीत आहे. दुसऱ्याच्या घरातलं मीठसुद्धा तिला चाखून बघायचं असतं. तिने विचारलंच, "आप सुबोधजी के दफ्तर से?" सुभेदार उठून उभा राहिला, अगदी ताठ. म्हणाला, "नहीं जी. हम लोग साथ बैठते हैं और नहीं पीते."

मुग्धा, हरभरे चावायचा आवाजसुद्धा थांबला गं. मी आपली उठले आणि दोघांच्या रुमालात भिजवलेले हरभरे घातले. रमाकांतजींनी रुमाल असा काही पसरला, की बायकांनी पदर तोंडात कोंबले.

मग साडेसात वाजले आणि तुझी मालिका लागली. 'आमच्या घरचा चंद्र'. शेवटी तुझं नाव येतं, मुंगीएवढं, आणि लगेच पळतं. तरी मी सगळ्यांना दाखवलं, ती बघा, ती बघा, माझी नात! मला किती आनंद होतो म्हणून सांगू. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईची नात टीव्हीतल्या लोकांना बोलायला शिकवते!

पण तुझा तो नाना. त्याने बाटली नदीत फेकली, देवळातली घंटा आपोआप वाजली, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो योगासनं करायला लागला. सुभेदार खो खो हसला. रमाकांतजी म्हणाले, "ऐसो नईं होत, बऊ." मीसुद्धा तेच म्हणते. नानाची दारू एका भागात सुटली, तशी कोणाची सुटते गं? दारू सोडलेला माणूस गूळ खातो. उठता बसता खातो. डबा लपवावा लागतो. आमटीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेतो. संध्याकाळी सहा ते आठ या खोलीतून त्या खोलीत फिरतो, हाताला काम नसतं. आणि त्याची बायको त्याचा पेला उचलला की आधी नाकाशी नेते. तुझी आई, आमची कमलिनी, अजून नेते. हे दाखव की!

आणि प्यालेला माणूस झोकांड्या खात गाणी म्हणतो, हे तुला कोणी सांगितलं? तुझा बाबा प्याला की जास्त नीट चालायचा. जास्त नीट बोलायचा. तुला माहीत नाही का हे?

फोनवर हे सगळं बोलता येत नाही. मला ऐकू यायला स्पीकर लावावा लागतो आणि मग विद्याला पण ऐकू येतं. म्हणून पत्र. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

अक्षय्य तृतीयेला ये. गौर उठेल. तुझ्या साखरपुड्यापासून तू आली नाहीस. बाबा तुझं नाव काढत नाही, पण मालिका संपेपर्यंत जागचा उठत नाही.

आजीचे आशीर्वाद

ता. क. जाताना जिन्यात विद्याने सुभेदाराला हळूच विचारलं, "वो मीटिंग कौन से दिन होती है?" तिचा नवरा यशवंत, आपल्याला वाटायचं फार शांत माणूस. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

*

मुंबई
१४ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

पत्र दोनदा वाचलं. ऑफिसात हसले, घरी येऊन चिडले.

आधी एक स्पष्ट सांगते. नाना मी लिहीत नाही. नानाच्या तोंडची वाक्यं मी लिहिते. त्याने बाटली कुठे फेकायची, घंटा वाजायची की वीज चमकायची, हे वरचे लोक ठरवतात. एका टेबलाभोवती सगळे बसतात आणि कोणीतरी म्हणतं, दारूचा ट्रॅक लांबतोय, गुंडाळा. गुंडाळला. मी म्हटलं होतं, इतक्यात नको. त्यावर उत्तर मिळालं, लोक जेवताना बघतात, जेवताना कोणाला उलटी दाखवायची आहे?

आणि गुळाचं मला सांगू नकोस. मागच्या वेळीही बाबा गूळ खात होते. त्याच्या मागच्या वेळी जिलबी. तेव्हाही तू मला पत्र पाठवलं होतंस, आता सुटली बरं का, ये. मी आले होते. आठवतं?

मी त्या घरात आले की माझे कान जिन्याकडे असतात. स्कूटर स्टँडवर लावल्याचा आवाज, मग पहिल्या पायरीवरचं पाऊल. ते जरा जास्त सावकाश पडलं की मला कळायचं. पाचवीत होते तेव्हापासून कळायचं. इथे मुंबईत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि कोणी जिना सावकाश चढलं की अजून माझी पेन्सिल थांबते. तू मला विचारतेस, तुला माहीत नाही का!

अक्षय्य तृतीयेला येणार नाही. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे साखरपुड्याचं शूटिंग आहे, नानाच्या मुलीचं. मोठा भाग आहे. व्याही आग्रह करतात, नाना एक घोट घेतो, पेला खाली ठेवतो आणि म्हणतो, "आता ती मला पीत नाही." मग सगळे टाळ्या वाजवतात. ओरडू नकोस, चॅनलला तसंच हवं आहे.

सुभेदारांना माझा नमस्कार. "हम लोग साथ बैठते हैं और नहीं पीते" हे वाक्य मी कुठेतरी चोरणार आहे.

तुझी,
मुग्धा

*

झाशी
२९ एप्रिल २०२५

चि. मुग्धा,

तुझं पत्र आलं. बरं वाटलं. इथे ऊन फार. कूलरच्या खसच्या ताट्या वाळून कोळ झाल्या होत्या, त्या बदलल्या. मुन्ना भैया येऊन बसवून गेला, दोन खिळे जास्तीचे ठोकून ठेवले आहेत, आता शेजारच्या भिंतीला हादरे बसतात. विद्याचा गुडघा पुन्हा सुजला आहे. तिला सांगितलं एरंडाचं पान बांध, तर ती म्हणते वास येतो. वास महत्त्वाचा की गुडघा?

उद्या गौर उठेल. कमलिनीने या वर्षी करंज्या नाही केल्या. पाणी दिवसाआड येतं. कैऱ्या स्वस्त आहेत पण आंबट कमी. मी लोणच्याला घ्यायच्या की नाही अशा विचारात आहे, खाणारं कोण आहे आता. लोणचं घालायला बसायचं म्हणजे कंबर धरते.

मालिका काही दिवस पाहिली नाही. केबल गेलं होतं. तू जेवण वेळेवर करत जा. रात्री भात खाऊ नकोस.

आजीचे आशीर्वाद

*

मुंबई
६ मे २०२५

आजी,

पत्रभर खस, गुडघा, कैऱ्या, आणि बाबांचं नाव नाही. गुळाचं नाव नाही. सुभेदारांचं नाव नाही. खसच्या ताट्या बसवणं हे बाबांचं काम, घरात इतर काहीही होवो, त्या ते दुसऱ्याला बसवू देत नाहीत. आणि केबल कसलं गं? आपल्या छतावर डिशची छत्री आहे, केबल काढून टाकून किती वर्षं झाली.

मला खोटं लिहायचे पैसे मिळतात, आजी. मला कळतं.

बाबा परत प्यायले ना? साखरपुड्याचा भाग बघितला त्यांनी? तो बघूनच ना? आईला फोन केला तर ती म्हणते, गॅसवर दूध आहे, नंतर बोलू. दिवसभर दूध कसं असतं गॅसवर?

एक गोष्ट सांगते, मग मला हवं ते बोल. तो घोट चॅनलने मागितला नव्हता. त्यांना फक्त साखरपुडा हवा होता, भरजरी साड्या आणि रुसवेफुगवे. पेला मी आणला. "आता ती मला पीत नाही" हे वाक्य माझं आहे, मीच टेबलावर म्हटलं, आणि सगळे खूश झाले. माझ्या साखरपुड्याला बाबा आले, किती नीट चालत आले, प्रत्येक पाहुण्याला वाकून नमस्कार केला, एकाच माणसाला तीन तीन वेळा, आणि मग मुलाकडच्यांनी अंगठी परत पेटीत ठेवली. मला एकदा तरी तो साखरपुडा नीट पार पडलेला बघायचा होता. टीव्हीवर का होईना.

लगेच लिही. काहीही लपवू नकोस. आणि रात्री मी भात खाणार.

मुग्धा

*

झाशी
१५ मे २०२५

चि. मुग्धा,

रागावू नकोस आणि मधे वाचणं थांबवू नकोस.

हो, प्यायला. तुझा तो भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ऑफिसातल्या कोणाच्यातरी घरी मुंज होती, तिथे. आला तो अगदी नीट चालत आला. कमलिनीने जिन्यावरचं पाऊल ऐकलं आणि तिने गॅस बंद केला. एवढंच केलं. मग दोन दिवस तो खोलीत आणि आम्ही बाहेर. मी तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हटलं होतं. आणि ते मला तुझ्याकडून ऐकायचं नव्हतं. कैऱ्यांचं मात्र खरं लिहिलं होतं.

आता ऐक, कारण हे तुझ्या टीव्हीत येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबाने स्वतः सुभेदाराला फोन केला. मी केला नाही, तुझ्या आईने केला नाही. सुभेदार आला. मला वाटलं, आता हा फौजी ह्याला धरून चांगला हाणणार. मी तर मनातून खूश होते. पण त्याने काही विचारलंच नाही! खाटेवर बसला, माझ्या पुढ्यातली भाजी घेऊन निवडायला लागला, आणि म्हणाला, "बाई, ही मेथी है या घास?" मी म्हटलं, चाकवत आहे. भाजी निवडून झाली तसा म्हणाला, "सुबोध, चलना है." बाबा उठला. आधी मोरीवर गेला, आपली चादर काढून स्वतः धुतली, पिळली, छतावर वाळत घातली. आणि मग गेला. घंटा वाजली नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. तुझी आई त्याच्यापुढे ताट ठेवते आणि बोलत नाही. आता कुठे भाजी वाढू का म्हणून विचारायला लागली आहे.

तुझी सगळी पत्रं आई मला वाचून दाखवते, माझ्या डोळ्यांना तुझं अक्षर लागत नाही, किडे चालल्यासारखं लिहितेस. परवाचं वाचत होती तेव्हा तो दाराशी होता. मला माहीत नव्हतं, देवाशपथ. सगळं ऐकलं. जिन्याचंही ऐकलं होतं त्याने आधीच, हे मला तेव्हा कळलं. साखरपुड्याचं ऐकून खाली बसला. मग इतकंच म्हणाला, "तिला लिही, नानाने माझा हात धरून पाजली नाही मला. मी प्यालो." तेच लिहिते आहे. तेव्हा तू स्वतःला शिव्या देऊ नकोस. शिव्या द्यायला मी आहे.

आणि देतेच. मुग्धा, तुला साखरपुडा नीट झालेला बघायचा होता, मला कळतं गं, मलाही हवा होता. पण विद्याचा यशवंत तो भाग बघून बायकोला काय म्हणाला माहीत आहे? बघ, एका घोटाने काही होत नाही, टीव्हीवर दाखवलं. बिचारीने कसाबसा त्याला एकदा मीटिंगला नेला होता. आता मीटिंग पुरे म्हणाला. गल्लीत रोज किती जण असे बघत बसले असतील!

मला तुझ्या टेबलावरचे लोक माहीत नाहीत. पण त्यांना सांग, झाशीची एक म्हातारी फार चिडली आहे. नानाला पाड. आणि मग त्याला चादर धुवू दे.

आजीचे आशीर्वाद

*

मुंबई
२ जून २०२५

प्रिय आजी,

बाबांनी ऐकलं हे वाचून माझ्या कानशिलापर्यंत शरम आली. आधी तुझ्यावर खूप चिडले. आता नाही.

मी टेबलावर म्हटलं, नाना परत पितो. सगळे एकदम बोलायला लागले. नाना लाडका आहे, नाना पडला तर प्रेक्षक पडतील, नानाला नुकतीच एका चहावाल्यांची जाहिरात मिळाली आहे. मी म्हटलं, मग निदान चादर धुऊ दे. त्यावर एक जण म्हणाला, संध्याकाळी साडेसातला पुरुषाला कपडे धुताना कोण बघणार? मी म्हटलं, झाशीत आहेत बघणारे. हसले.

मग आमच्या हिरोइनला ताप आला. तिचे सगळे सीन रद्द, आणि भाग अर्धा रिकामा. दुपारपर्यंत भरून द्या म्हणाले. मी भरून दिला. नाना रात्री प्याला हे दाखवलं नाही, ते काही मला मिळालं नाही. फक्त सकाळ आहे. नाना चादर धुतो. बायको बघते, बोलत नाही. दारात एक मिशीवाला माणूस येतो आणि म्हणतो, "चला." नाना विचारतो, "तुम्ही तिथे काय करता?" तो म्हणतो, "आम्ही एकत्र बसतो आणि पीत नाही." सुभेदारांना सांग, चोरलं.

पार्श्वसंगीत नको म्हणून मी हात जोडले. घालतील. बासरी तरी घालतीलच. ११ जूनला बुधवारी लागेल. पुढच्या आठवड्यात हिरोइन बरी होईल आणि नाना परत योगासनं करेल, हेही आताच सांगते, नंतर मला ओरडू नकोस.

बाबा बघतील का? बघितलं तर काय म्हणाले ते लिही. जसंच्या तसं लिही, गोड करून नाही.

मुग्धा

*

झाशी
शुक्रवार, १३ जून २०२५

चि. मुग्धा,

या वेळीही आधी सुभेदारच आला. सहालाच. मिशीला तेल लावून. मी म्हटलं, अहो साडेसातला आहे. म्हणाला, "बाई, पहली बार टीव्ही पे आ रहा हूँ, देर कैसे करूँ?" तो स्वतः थोडाच येणार होता! पण त्याला पटेना. मग रमाकांतजी आले, मऊरानीपुरची बालूशाही घेऊन. मग विद्या. आणि तिच्या मागे, मान खाली घालून, यशवंत. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला, पळायला सोपं.

बासरी होती. नुसती बासरी नाही, तबला पण होता. सुभेदार बासरीवर ओरडला, "बंद करो यार!" पण चादर आली तसे सगळे पुढे सरकले. तो नाना चादर चोळतो, पाणी ओततो, आणि बायको खांबाला धरून उभी. मी बघत होते तर आपली कमलिनी स्वयंपाकघराच्या दाराला तशीच धरून उभी! मिशीवाला आला, ते वाक्य म्हणाला. सुभेदाराने मांडीवर थाप मारली आणि मग चष्मा पुसत बसला. रमाकांतजींचं नाक तर पदराने पुसायची वेळ आली. यशवंत पळाला नाही. बालूशाही घे म्हटलं, दोन घेतल्या. मी सुभेदाराकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. गोडाचं आम्हाला कळतं.

तुझा बाबा काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. तुझं नाव मुंगीएवढं आलं, पळालं, तरी तो तिथेच बघत होता, साबणाची जाहिरात लागली होती. मग तुझा फोन आला. कमलिनीने स्पीकर लावला, सगळी सभा कान टवकारून. तू विचारलंस, "आई, कसं झालं?" आणि आई बोलायच्या आत तो म्हणाला, "चादर पिळताना चुकला. एकट्याने पिळायची तर नळाला अडकवावी लागते."

तू म्हणालीस, "मग दाखवा की करून." तो म्हणाला, "ये. दाखवतो." तू म्हणालीस, "बघते," आणि फोन ठेवला.

बघते हे काय उत्तर झालं? इतकी वर्षं तुम्ही दोघं बोलला नाहीत आणि बोललात ते ओल्या चादरीवर! मी कपाळाला हात लावला. पण रात्री तो गूळ मागायला आला, तेव्हा मी डबा लपवला नव्हता, पुढे केला.

एक सांगायचं राहिलं. हल्ली तो ऑफिसातून आला की स्कूटर लावतो आणि खालूनच मोठ्याने ओरडतो, "मी आलोय! सुबोध! वर येतोय!" आणि मग पायऱ्या चढत सबंध दिवसाचं बोलत येतो, कोण भेटलं, पेट्रोल कुठे भरलं, कांदे काय भावाने. सगळ्या गल्लीला ऐकू जातं. विद्या हसते. मी त्याला म्हटलं, अरे, घरच्या जिन्यावर दवंडी कसली? तर म्हणाला, "पाऊल ऐकत बसायला नको कोणी. आवाज ऐकला की कळतं." मला वाटलं कमलिनीसाठी करतो. मग तुझं ते एप्रिलातलं पत्र आठवलं. रोज ओरडतो, मुग्धा. तू इथे नाहीस तरी ओरडतो.

कैऱ्या संपल्या, आता आंबे आले आहेत. आमरस करणार आहे. पाच पानं मांडायची की सहा, ते कळव, बघते म्हणू नकोस. सुभेदाराला बघ, कसं एका दमात सांगून जातो. तो आणि रमाकांतजी जिन्यात उभं राहून कबूल करून गेले आहेत, आमरसाला परत येणार, बावीस तारखेला, रविवारी.